रेडिएटरचं कव्हर भिंतीला असं बसवा की स्क्रू कुठे दिसणार नाही आणि उचललं की निघेल

यूकेत घर घेतलं की पहिल्या थंडीत सगळ्यांचं लक्ष जातं ते खिडकीखालच्या पांढऱ्या पत्र्याच्या रेडिएटरकडे. हात लावला तर चटका बसतो, घरात रांगणारं पोर असेल तर सारखं लक्ष ठेवावं लागतं, आणि मग कुणीतरी म्हणतंच की याला एक कव्हर करूया, वर फोटोही ठेवता येतील. करा, जरूर करा. फक्त ते भिंतीला कसं धरून राहणार याचा विचार आधी करा, कारण बहुतेक लोक आधी कव्हर आणतात, सोबत आलेल्या दोन एल आकाराच्या पट्ट्या स्कर्टिंगला, म्हणजे भिंतीच्या तळाशी असलेल्या लाकडी पट्टीला, ठोकतात, आणि मग ते कव्हर पाच वर्षं जागचं हलत नाही कारण काढायचं म्हणजे स्क्रूड्रायव्हर घेऊन जमिनीवर आडवं पडायचं, कोण करतंय.

आणि रेडिएटर ही वारंवार उघडावी लागणारी गोष्ट आहे. थंडी सुरू झाली की वरचा भाग गार आणि खालचा गरम असं होतं, म्हणजे आत हवा अडकलीये, ती वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या व्हॉल्व्हमधून चावीने काढायची असते. टीआरव्ही म्हणजे तो १ ते ५ आकडे असलेला व्हॉल्व्ह, उन्हाळाभर बंद राहिला की त्याच्या आतली पिन चिकटून बसते आणि ऑक्टोबरमध्ये रेडिएटर गरमच होत नाही, मग व्हॉल्व्हचं वरचं डोकं काढून पिन हळूच दाबून मोकळी करावी लागते. मागच्या पन्हाळ्यांत, म्हणजे पत्र्याच्या घड्यांत, धूळ भरते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्हॉल्व्हच्या नटातून थेंब थेंब पाणी गळत असेल तर बंद कव्हरच्या आत ते कळत नाही, कळतं ते कार्पेटला वास यायला लागल्यावर. म्हणून माझा आग्रह असा की कव्हर एका माणसाला, हत्यार न घेता, अर्ध्या मिनिटात काढता आलंच पाहिजे, आणि तरीही पोराने वरची कड धरून ओढलं तर ते अंगावर येता कामा नये. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात. त्यासाठी एकच तत्त्व धरून चालायचं: वजन जमिनीवर, पकड भिंतीवर. भिंतीतल्या फिटिंगने कव्हर फक्त पुढे कलंडू द्यायचं नाही, ओझं वाहायचं नाही, त्यामुळे पोकळ भिंतीतसुद्धा काम निभावतं.

आधी भिंत ओळखा

बोटाने ठोकून बघा. व्हिक्टोरियन टेरेस, म्हणजे ओळीतलं जुनं घर, किंवा १९३० च्या आसपासचं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे जोडघर, असेल तर बाहेरची भिंत वीट आणि वर प्लास्टर, आवाज भरीव येतो. नवीन हाउसिंग इस्टेटमधलं घर असेल तर बहुतेक करून प्लास्टरबोर्ड, १२.५ मिमी जाड, आणि त्यामागे एकतर लाकडी किंवा पत्र्याचे खांब किंवा मग ब्लॉकची भिंत, जिच्यावर बोर्ड डिंकाच्या गोळ्यांनी चिकटवलेला असतो, ज्याला डॉट अँड डॅब म्हणतात. लाकडी खांब असतील तर ते बहुतेक ४०० किंवा ६०० मिमी अंतरावर असतात, आणि ते शोधायला महागडं मशीन लागत नाही, एक ताकदवान छोटं मॅग्नेट भिंतीवरून फिरवा, बोर्डाचे स्क्रू असतील तिथे चिकटेल, त्याच्या सरळ वर खाली दुसरा स्क्रू सापडला की तिथे खांब आहे.

जुन्या घरात भिंतीवर नक्षीदार खरबरीत लेप असेल, आर्टेक्ससारखा, तर ड्रिल लावायच्या आधी थांबा. यूकेमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये, त्याआधीच्या अशा लेपात ते असू शकतं, नमुना तपासून घेतल्याशिवाय भोक पाडू नका.

आता वायर आणि पाइप. वायर सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या रेषेत असण्याची शक्यता धरून चालायची, आणि रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना सॉकेट असतील तर मधून आडवी वायर जात असेल असंच समजा. पाइपचं जरा जास्त नीट बघा. जुन्या घरांत १५ मिमीचे तांब्याचे पाइप जमिनीतून वर येतात, ते डोळ्यांना दिसतात, प्रश्न नाही. नवीन घरांत पाइप भिंतीतून बाहेर येतात, म्हणजे बोर्डाच्या मागे ते वरून उतरलेले असू शकतात किंवा खालून चढलेले, आणि ते बऱ्याचदा प्लास्टिकचे असतात जे डिटेक्टरला धातूच्या मोडवर दिसत नाहीत. यावर साधा उपाय आहे, हीटिंग काही तास बंद ठेवून भिंत गार होऊ द्या, मग चालू करा आणि पाच दहा मिनिटांनी तळहात भिंतीवर फिरवा, पाइप जातो ती रेषा बऱ्याचदा कोमट लागते. पण काही लागलं नाही म्हणून पाइप नाही असं समजू नका, जिथे पाइप भिंतीतून बाहेर येतो त्याच्या बरोबर वर आणि बरोबर खाली भोक पाडायचंच नाही, दोन्ही बाजूंना निदान ७०-८० मिमी सोडून द्या.

माप घेताना

रेडिएटरचं माप घेऊन चालत नाही, व्हॉल्व्हसकट माप घ्यायचं. उदाहरण म्हणून १००० बाय ६०० मिमीचा डबल पॅनल रेडिएटर धरू. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह धरून रुंदी साधारण ११५० होते, त्याला दोन्हीकडे हात जाईल एवढी जागा ठेवली तर कव्हरची आतली रुंदी १२२० च्या आसपास. भिंतीपासून रेडिएटरच्या पुढच्या तोंडापर्यंत समजा १४० आलं, तर आतली खोली १८०, म्हणजे पुढे ४० मिमी हवा. जमिनीपासून रेडिएटरचा वरचा काठ ७५० वर असेल तर कव्हरच्या फळीची खालची बाजू ८२० वर, म्हणजे ७० मिमी मोकळी जागा. ह्या ७० मिमीत कंजुषी करू नका, कारण पॅनल रेडिएटर खोली गरम करतो ते मुख्यतः हवा खेळवून, खालून गार हवा आत येते, पन्हाळ्यांतून तापून वर निघते. वरची वाट अडवली की बॉयलर जळत राहतो आणि खोली गारच.

आणि एक माप लोक हमखास विसरतात. इथे रेडिएटर बहुतेक खिडकीखाली असतात, आणि खिडकीची पाटी, म्हणजे सिल, बाहेर आलेली असते. आपलं कव्हर वर उचलून काढायचं आहे, त्यामुळे कव्हरचा माथा आणि खिडकीच्या पाटीची खालची बाजू यांच्यात निदान ३० मिमी हवंच. ते नसेल तर काय करायचं ते शेवटी लिहिलंय.

कव्हर तयार आणलंत तरी वरचं सगळं तपासा, दुकानातल्या कव्हरांची खोली कधी कधी डबल पॅनल रेडिएटरला पुरत नाही. स्वतः बनवणार असाल तर १८ मिमीचा एमडीएफ, जमल्यास ओलावा सहन करणारा हिरव्या रंगाचा, आणि बी अँड क्यूच्या काही शाखांत शीट मापाने कापून देतात, घरी धूळ कमी होते. घरी कापलंत तर चांगला मास्क लावा, एफएफपी३, एमडीएफची धूळ खरोखर वाईट असते, आणि खिडकी उघडी ठेवा.

पकड कुठली निवडायची

बाजारात लपणारे बरेच प्रकार मिळतात आणि प्रत्येकाची वकिली करणारे लोक आहेत, मी माझं मत सांगतो. कीहोल प्लेट, म्हणजे भिंतीत स्क्रू आणि कव्हरच्या मागे किल्लीच्या भोकासारखी खाच, ही हलक्या गोष्टींना ठीक आहे, पण सव्वा मीटर रुंद कव्हर हातात धरून न दिसणारी दोन स्क्रूची डोकी शोधत बसणं फार वैतागाचं काम आहे. दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्ट्या तर रेडिएटरजवळ नकोच, उष्णतेने डिंक मऊ पडतो आणि एक दिवस सगळं पुढे येतं. मॅग्नेट चांगले वाटतात, पण साधे निओडिमियम मॅग्नेट ८० अंशापर्यंतच चालतात, त्यापुढे त्यांची ताकद कायमची जाऊ लागते, आणि मुळात ज्याला पोर लोंबकळणार आहे ते नुसत्या मॅग्नेटवर सोडू नये. मदतीला ठीक, मुख्य पकड म्हणून नाही.

माझी पसंती फ्रेंच क्लीटला. १८ मिमी प्लायची ८० मिमी रुंद पट्टी घ्यायची आणि लांबीच्या दिशेने मधोमध ४५ अंशाच्या तिरक्या छेदाने दोन भाग करायचे. एक भाग भिंतीला, तिरकी बाजू वर आणि उतार भिंतीकडे, म्हणजे पट्टी आणि भिंत यांच्यात इंग्रजी व्ही सारखी खोबण तयार होते. दुसरा भाग कव्हरला, उलटा, त्याचं धारदार टोक खाली भिंतीच्या बाजूला. कव्हर वर धरून भिंतीला टेकवायचं आणि खाली सोडायचं, टोक खोबणीत जाऊन बसतं. सरळ पुढे ओढलं तर येत नाही, २०-२५ मिमी वर उचललं की सुटतं. पोर पुढे ओढतं, वर उचलत नाही, म्हणून हा प्रकार मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. तिरका छेद घ्यायला टेबल सॉ नसेल तर सर्क्युलर सॉची पाटी ४५ वर लावून, बाजूला सरळ पट्टी शिकंज्याने घट्ट धरून कापा, हाताने करवतीने मात्र नको, छेद वाकडा झाला तर कव्हर डुगडुगतं.

तेवढं सुतारकाम नको असेल तर तयार पत्र्याचे एकमेकांत अडकणारे ब्रॅकेट मिळतात, टूलस्टेशन, स्क्रूफिक्समध्ये बघा, तत्त्व तेच, जागा कमी लागते.

आता ही पट्टी कुठे बसवायची, इथे खरं डोकं लावायचं असतं. बहुतेकजण रेडिएटरच्या वर एकच लांब पट्टी मारतात. तसं करू नका, रेडिएटर आणि भिंत यांच्यामधून वर येणारी गरम हवा थेट तिच्यावर आदळते, पट्टी तापते, प्लाय कालांतराने वाकतं, आणि हवेची वाट अडते ते वेगळंच. त्यापेक्षा दोन्ही टोकांना, म्हणजे रेडिएटर संपतो तिथपासून कव्हरच्या बाजूच्या फळीपर्यंत जी शंभर एक मिमी जागा आपण व्हॉल्व्हसाठी सोडलीये तिथे, अगदी वर, फळीच्या खाली, ९० मिमी लांबीचे दोन तुकडे बसवा. व्हॉल्व्ह खाली असतात, वरची जागा रिकामीच असते, तिथे उष्णताही कमी, आणि ड्रिल सरळ धरता येतं. पाइप भिंतीतून नेमका तिथेच उतरत असेल तर मात्र ती जागा सोडा आणि कव्हरची रुंदी दोन्हीकडे वाढवून तुकडे बाहेरच्या बाजूला सरकवा. दोन इंच जास्त रुंद कव्हर कुणाला कळत नाही, पाइपला पडलेलं भोक सगळ्या घराला कळतं.

कव्हरच्या बाजूचं काम

कव्हरचा क्लीट वरच्या फळीच्या खाली, मागच्या काठाशी बरोबर सपाट, बाजूच्या फळीला चिकटून येतो. कोपऱ्यात आधी एक चौकोनी लाकडी ठोकळा डिंक आणि स्क्रूने बसवा, त्या ठोकळ्याला क्लीट. आतून स्क्रू मारताना लांबी बघा, १८ चा तुकडा आणि १८ ची फळी म्हणजे ३० मिमीचा स्क्रू पुरे, ४० चा घेतलात तर टोक बाहेर रंगातून डोकावणार आणि मग लपवलेल्या फिटिंगला काही अर्थ राहत नाही. एमडीएफमध्ये आधी बारीक भोक पाडूनच स्क्रू घाला, विशेषतः कडेला, नाहीतर फळी थरांत फाटते.

बाजूच्या फळ्यांच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात स्कर्टिंगसाठी खाच लागते. पुठ्ठ्याच्या खोक्याचा तुकडा घ्या, स्कर्टिंगला लावून आकार काढा, कात्रीने कापून दोनदा तीनदा लावून बघा आणि मग तोच फळीवर आखा. जिगसॉने कापून कानशीने साफ करा. दोन्ही बाजूंचं वेगवेगळं मोजा, जुन्या घरात एका टोकाला स्कर्टिंग भिंतीला चिकटलेलं आणि दुसऱ्या टोकाला बोटभर सुटलेलं असतं. भिंतही सरळ नसते, मागच्या काठाला फट दिसत असेल तर कव्हर भिंतीला टेकवून, पेन्सिल एका छोट्या ठोकळ्यावर ठेवून भिंतीवरून खाली ओढा, भिंतीचा चढउतार फळीवर उमटतो, तेवढं रंध्याने किंवा सँडपेपरने काढा.

पाइप स्कर्टिंगच्या वरून आडवे जात असतील तर बाजूच्या फळीला गोल भोक पाडायचं नाही. भोक पाडलंत की पाइप कायमचा त्यात अडकला, कव्हर निघणारच नाही. खाच करायची, मागून आणि खालून उघडी, म्हणजे उचलताना पाइप खाचेतून सरळ बाहेर निघेल.

वरची फळी पुढे १५-२० मिमी बाहेर आलेली ठेवा आणि तिच्या खालच्या बाजूला दोन्ही टोकांना बोटं रुततील अशी उथळ खाच मारा. बाहेरून दिसत नाही, पण उचलताना पकड मिळते. माझ्या मते ही खाच नसलेलं कव्हर लोक काढायचं टाळतात, कारण गुळगुळीत रंगावर हात घसरतो.

भिंतीवर खूण आणि ड्रिल

हीटिंग बंद, रेडिएटर गार. ही पायरी सावकाश करा कारण सगळं इथे जुळतं किंवा बिघडतं. भिंतीचा क्लीट नेमक्या किती उंचीवर येणार हे मोजून काढता येतं, पण कार्पेट दबतं, जमीन उतरती असते, मोजमाप चुकतं. त्यापेक्षा असं करा: भिंतीचे दोन्ही तुकडे कव्हरच्या क्लीटमध्ये अडकवा, दोन्हींच्या तिरक्या बाजूंमध्ये साधारण २ मिमी जाड पुठ्ठा ठेवा, आणि तुकडे खाली पडू नयेत म्हणून मास्किंग टेपची एकेक पट्टी हलकेच लावा. तुकड्यांच्या भिंतीकडच्या तोंडाला दोन्हीकडून चिकटणारी टेप लावा. आता कव्हर हवं तिथे जमिनीवर उभं करा, मधोमध आलंय का बघा, लेव्हल ठेवून बघा, आणि मग भिंतीला घट्ट दाबा. हळूच वर उचला. मास्किंग टेप सुटते, तुकडे भिंतीवर नेमक्या जागी चिकटून राहतात. भोवती पेन्सिल फिरवा, आता इथेच ड्रिल.

तो २ मिमीचा पुठ्ठा का, तर त्यामुळे कव्हर जमिनीवर उभं राहतं आणि क्लीट एकमेकांना जेमतेम न टेकता राहतात. कार्पेट वापराने आणखी दबेल तेव्हा ती फट कमी होईल, पण ओझं एकदम भिंतीवर येणार नाही. थोडं सैल वाटेल ते घालवायला बाजूच्या फळ्यांच्या मागच्या काठाला खाली रबराच्या पारदर्शक टिकल्या लावा, कपाटाच्या दाराला लावतात त्याच, म्हणजे कव्हर भिंतीवर वाजत नाही आणि रंगही खरवडत नाही.

विटेच्या भिंतीला तपकिरी गिट्टी, म्हणजे प्लास्टिकचा वॉल प्लग, ७ मिमीचं मेसनरी बिट आणि ५ बाय ७० मिमीचा स्क्रू. गिट्टी प्लास्टरमध्ये राहून उपयोग नाही, ती विटेत गेली पाहिजे, म्हणून स्क्रू एवढा लांब. लाल भुकटी यायला लागली की वीट लागली. भोकातली भुकटी व्हॅक्यूमने ओढून घ्या, नाहीतर गिट्टी पूर्ण आत जात नाही. प्लास्टरबोर्डला खांब सापडला तर सरळ लाकडात स्क्रू, नाही सापडला तर बोर्डासाठीचे खास अँकर, प्रत्येक तुकड्याला दोन, पॅकेटवर बोर्डाची जाडी लिहिलेली असते ती जुळवून घ्या. डॉट अँड डॅब असेल तर कोअरफिक्ससारखं पोलादी गाभ्याचं फिटिंग घ्या जे बोर्ड ओलांडून ब्लॉकमध्ये जातं, कारण नुसत्या बोर्डावर आवळलं तर मागच्या पोकळीत बोर्ड दबतो. हॅमर मोड विटेलाच, बोर्डावर नाही.

स्क्रूची डोकी लाकडात पूर्ण बुडवा, खोबणीत काही वर आलं की कव्हर बसणार नाही. मग कव्हर चढवा आणि वरची पुढची कड धरून चांगलं जोराने ओढून बघा, पोर लटकेल तेवढ्या जोराने. एक टोक सुटत असेल तर त्या बाजूचा क्लीट पुरेसा खाली बसत नाहीये, बहुतेक वेळा स्कर्टिंगची खाच कमी पडलेली असते आणि कव्हर तिथे टेकून अधांतरी राहतं.

टीआरव्ही आत कोंडला तर

कव्हर बसवल्यावर खोली गार राहते अशी तक्रार बरेचजण करतात आणि दोष कव्हरच्या जाळीला देतात. बऱ्याचदा कारण वेगळं असतं. टीआरव्हीचं डोकं त्याच्या आजूबाजूच्या हवेचं तापमान बघून पाणी बंद करतं, आणि कव्हरच्या आत हवा खोलीपेक्षा कितीतरी गरम, त्याला वाटतं झाली खोली गरम. आकडा एक दोनने वाढवून बघा, पण नीट उपाय म्हणजे लांब सेन्सरवालं डोकं घेणं, ज्याला बारीक केशनळी असते आणि सेन्सर कव्हरच्या बाहेर स्कर्टिंगजवळ लावता येतो, किंवा स्मार्ट व्हॉल्व्ह घेऊन खोलीत वेगळा वायरलेस सेन्सर ठेवणं. केशनळी असेल तर तिच्यासाठीही खालून उघडी खाच ठेवा आणि उचलताना ती ताणली जात नाही ना बघा. आणि हॉलचा वायरलेस थर्मोस्टॅट कव्हरच्या फळीवर ठेवू नका, पूर्ण घराची हीटिंग बंद पडेल.

हवेच्या वाटा: खाली पूर्ण रुंदीभर ८०-१०० मिमी मोकळं, आणि पुढची जाळी फळीच्या अगदी खालपर्यंत गेलेली. नुसती मधे जाळी आणि वर रुंद लाकडी पट्टी असली की गरम हवा त्या पट्टीमागे साठून राहते. जाळीला छिद्रांचा पत्रा चांगला, वेताची जाळी हल्ली फार चालते आणि दिसते सुंदर, फक्त ती रेडिएटरला टेकता कामा नये. बाहेरच्या भिंतीवर रेडिएटरच्या मागे परावर्तक फॉइलही लावून टाका, कव्हर करताय तर हे काम सोबत होऊन जातं. वरच्या फळीच्या मागच्या काठाला दोन क्लीटच्या मधे पातळ फोमची पट्टी लावा, नाहीतर तिथल्या फटीतून गरम हवा धूळ घेऊन वर जाते आणि भिंतीवर काळपट पट्टा उमटतो.

रंगाला पाण्यावर आधारित सॅटिनवूड, म्हणजे मंद चमकीचा लाकडाचा रंग, घ्या. तेलाचा पांढरा रंग उष्णतेने पिवळा पडतो. एमडीएफच्या कापलेल्या कडा रंग पितात, त्यांना प्रायमरचे दोन हात, मधे घासून. रंगवण्याआधी फळ्या दोन तीन दिवस त्याच खोलीत हीटिंग चालू ठेवून पडू द्या, आणि आतली बाजूसुद्धा रंगवा, एकाच बाजूला रंग असला की फळी वाकते.

भाड्याचं घर असेल तर भिंतीला हात लावण्याआधी घरमालकाला किंवा एजंटला ईमेल करून लेखी परवानगी घ्या. डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं हे खरं, पण निघताना भोकांचे पैसे कापले तर तुमच्या बाजूने कागद असावा लागतो. परवानगी मिळाली तरी चारच भोकं पडतात, जाताना फिलर भरून रंगवता येतात.

आता खिडकीची पाटी खाली असलेल्यांसाठी. वर उचलायला जागा नसेल तर वरची फळी आणि बाजू कायमच्या बसवा, क्लीट नाही, भिंतीला उभ्या पट्ट्या मारून त्यांना आतून स्क्रू, जे नंतर दिसत नाहीत. आणि फक्त पुढची जाळीची चौकट निघणारी करा: खालच्या काठाला दोन लाकडी खुंट्या ज्या तळाच्या आडव्या पट्टीतल्या भोकांत बसतात, वरच्या काठाला दोन बॉल कॅच, म्हणजे स्प्रिंगच्या गोळीने धरून ठेवणाऱ्या कड्या. वरून ओढली की चौकट पुढे झुकते, मग उचलून खुंट्यांतून काढायची, त्याला दहा बारा मिमीच लागतात, आणि तेवढी सवड फळीखाली ठेवायची. हे कॅच मात्र कडक घ्या, आणि लहान मूल असेल तर चौकटीच्या वरच्या काठामागे, जाळीतून बोट घालून फिरवता येईल अशी एक छोटी लाकडी फिरकी लावा, म्हणजे नुसतं ओढून चौकट सुटणार नाही. हवा काढायची चावी तिथेच आत, बाजूच्या फळीला एका हुकावर टांगून ठेवा.